उन्हाचा हिशेब : इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधनसंस्थेचे पुढील संकल्प

शेतीच्या सुधारणेविषयीं लिहितांना व बोलतांना आपण बहुधा बीं, खत, पाणी व मशागत या चार अंगांचाच विचार करतों. ऊन हें पांचवें अंग होय. पण तें फुकट मिळतें व त्यावर कोणतीहि आकारणी नाहीं, म्हणून त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. वस्तुतः खळ्यावर पडणारा दाणा म्हणजे उन्हाचेंच रूपांतर आहे. पान उन्हाच्या बळानें हवेंतील कर्बाम्लवायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, व मुळांनीं आणलेलें पाणी यांपासून साखर बनवितें. आणि त्या साखरेपासूनच दाणा, डाळ, तेल, सरकी व कडबा हीं सर्व होतात. शास्त्रज्ञांच्या गणिताप्रमाणें गहूं, भात, सोयाबीन यांसारख्या पिकांस अंगावर पडलेल्या उन्हापैकीं फार तर शेंकडा ४·६ भाग, आणि ऊंस, मका, ज्वारी यांस फार तर शेंकडा ६ भाग साठवितां येईल. प्रत्यक्ष शेतांत चांगल्यांतलें चांगलें पीकहि या मर्यादेच्या पुष्कळ खालीं राहतें.

ही तूट कोठें पडते व ती भरून काढतां येईल काय, या एका प्रश्नावर अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाची एक संस्था २०१२ सालापासून काम करीत आहे. ‘कार्ल आर. वोस जीनोमिक बायॉलॉजी संस्था’ असें तिचें नांव. तिनें आजवर काय केलें, पुढें काय करण्याचें योजिलें आहे, व त्यांतून आपल्यासारख्या कोरडवाहू सोयाबीन पिकविणाऱ्या खातेदारास काय मिळण्यासारखें आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

विद्यापीठाची पूर्वपीठिका

या विद्यापीठाचा पाया जमिनीवरच घातला गेला. १८६२ सालीं अध्यक्ष लिंकन यांनीं मॉरिल यांच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्यान्वयें प्रत्येक संस्थानास, त्याच्या वरिष्ठ व कनिष्ठ सभागृहांतील दर प्रतिनिधीमागें ३०,००० एकर याप्रमाणें, सरकारी जमीन किंवा तिचे हक्कपत्र मिळाले. तें विकून येणाऱ्या रकमेंतून शेतकी व यंत्रविद्या शिकविणारी विद्यालयें चालवावीं, अशी अट होती. इलिनॉयच्या वांट्यास ४,८०,००० एकरांचे हक्कपत्र आले व १८६७ सालीं विद्यापीठ स्थापन झालें. ही जमीन मूळच्या रहिवासी जमातींकडून घेतलेली होती, हेंहि या दानाच्या खात्यावर नोंदलेलें असावें.

१८७६ सालीं या विद्यापीठाच्या आवारांत मॉरो यांचे प्रयोगवाफे सुरू झाले. अमेरिकेंतील अखंड चालू असलेले हे सर्वांत जुने प्रायोगिक शेत होय. एका वाफ्यांत दरवर्षीं मकाच, दुसऱ्यांत मक्याची द्विदल पिकाशीं फेरपालट, तिसऱ्यांत तीन पिकांची फेरपालट, असा हा क्रम आहे. पिकावर पीक तेंच घेत गेल्यास व खत न दिल्यास काळीभोर जमीनहि कशी खंगत जाते, आणि फेरपालटानें ती कशी तग धरते, हें तेथें डोळ्यांनीं दिसतें. पुढें या वाफ्यांशेजारीं विद्यार्थ्यांसाठीं ग्रंथालय बांधावयाचें ठरलें, तेव्हां इमारतीची सांवली पिकावर पडूं नये म्हणून तें ग्रंथालय जमिनीखालीं बांधलें. प्रयोगाच्या नोंदींत खंड पडूं नये म्हणून एवढा खर्च व त्रास सोसणारें विद्यापीठ उन्हाच्या हिशेबास लागलें, यांत नवल नाहीं.

एका छपराखालीं अनेक विद्या

सदर संस्थेची इमारत २००७ सालीं उघडली. कार्ल वोस हे याच विद्यापीठांतील शास्त्रज्ञ. १९७७ सालीं त्यांनीं जॉर्ज फॉक्स यांच्यासह सूक्ष्मजीवांची एक सर्वस्वी निराळी शाखा उजेडांत आणली. त्यांच्या पश्चात् २०१५ सालीं संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें.

संस्थेची रचना लक्षांत घेण्याजोगी आहे. विद्यापीठांत वनस्पतिशास्त्र, रसायन, पदार्थविज्ञान, गणित, यंत्रविद्या, अर्थशास्त्र अशीं खातीं असतात. अध्यापक आपापल्या खात्याचा नोकर असतो. या संस्थेंत खातीं नाहींत, प्रश्न आहेत. एक प्रश्न घ्यावयाचा, त्यासाठीं निरनिराळ्या खात्यांतील माणसें एका मजल्यावर आणून बसवावयाचीं, आणि प्रश्न संपला कीं ती मंडळी मोकळी करावयाची, असा तेथील शिरस्ता आहे. पानाच्या कामासाठीं वनस्पतिशास्त्रज्ञांबरोबर संगणकतज्ज्ञहि बसले. पानाच्या आंत चालणाऱ्या शंभराहून अधिक क्रिया त्यांनीं संगणकावर मांडल्या, आणि कोणत्या जागीं दुरुस्ती केल्यास अधिक लाभ होईल हें प्रयोगापूर्वींच ताडून पाहिलें.

या व्यवस्थेची किंमत मुलकी खात्यांत जन्म घालविलेल्या माणसास सांगावी लागत नाहीं. कालव्याच्या पाझरानें चिबड झालेल्या एका जमिनीचा कागद माझ्या टेबलावरून अनेक वेळां गेला. पाणी सोडणारें खातें म्हणे, निचरा आमच्याकडे नाहीं. पिकाचें खातें म्हणे, पाणी आमच्याकडे नाहीं. आम्ही म्हणूं, आमच्याकडे फक्त आकारणी. प्रत्येकाचा शेरा आपापल्या परी बरोबर होता, आणि जमीन मात्र लव्हाळ्यानें भरली. शेतांतील प्रश्न खात्यांच्या हद्दी पाहून उद्भवत नाहींत.

पानांतील दोन गळत्या

संशोधकांनीं मुख्यतः दोन गळत्या हेरल्या. पहिली गळती समजण्यास धरणाच्या सांडव्याचा दाखला पुरेल. भर दुपारीं पानावर त्याच्या गरजेहून अधिक ऊन पडतें. तें सर्व आंत घेतल्यास पान करपेल. म्हणून पान एक प्रकारचा सांडवा उघडून जास्तीचें ऊन उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकतें. येथवर ठीक. परंतु ढग आला किंवा वरच्या पानाची सांवली पडली म्हणजे सांडवा लागलीच मिटावयास पाहिजे, तो मिटण्यास कित्येक मिनिटें लागतात. तेवढा वेळ उपयोगी पडणारें ऊनहि वाहून जातें. दाट वाढलेल्या पिकांत खालच्या पानांवर ऊनसांवलीचा खेळ दिवसभर चालतो, त्यामुळें ही गळती दिवसाअखेर मोठी होते.

दुसरी गळती पानांतील ‘रुबिस्को’ नांवाच्या द्रव्याची. कर्बाम्लवायु पकडून साखरेच्या कामास लावणें हा त्याचा धंदा. पण तें कर्बाम्लवायूऐवजीं चार-पांच वेळांत एकदां प्राणवायुच पकडतें. जणूं खळ्यावरील मजुरानें दाण्याच्या पोत्यांत मधून मधून खडे भरावे. मग ते खडे वेंचून टाकण्यांत पिकाची कमावलेली शक्ति खर्ची पडते. उष्णता वाढली कीं ही चूकहि वाढते. या एका कारणानें अमेरिकेंतील सोयाबीनच्या उत्पन्नांत शेंकडा ३६ व गव्हाच्या उत्पन्नांत शेंकडा २० घट येते, असा अंदाज २०१६ सालीं याच विद्यापीठांतील मंडळींनीं प्रसिद्ध केला.

ऊंस, मका, ज्वारी व बाजरी या पिकांनीं ही दुसरी गळती निसर्गतःच बंद केली आहे. त्यांच्या पानांत कर्बाम्लवायु आधीं कोंडून मग रुबिस्कोपुढें ठेवण्याची सोय आहे. ऑस्ट्रेलियांत हॅच व स्लॅक यांनीं १९६० नंतरच्या दशकांत उसाच्या पानावर काम करून हा मार्ग उलगडला. आपल्या भर उन्हांत व थोड्या पाण्यावर ज्वारी-बाजरी टिकाव धरते, त्याचें एक कारण हेंच. सोयाबीन, तूर, हरभरा, भुईमूग, कापूस, गहूं व भात यांस मात्र ही सोय नाहीं.

प्रयोगांचे आकडे

पहिले प्रयोग तंबाखूवर झाले. कारण तंबाखूंत बाहेरचें जनुक घालणें सोपें जातें. २०१६ सालीं सांडवा लवकर मिटेल अशी तीन जनुकांची दुरुस्ती केलेल्या तंबाखूचें शेतांतील वजन सुमारें शेंकडा १५ ते २० नें वाढलेलें आढळलें. २०१९ सालीं रुबिस्कोची चूक थोडक्यांत निस्तरणारी आडवाट तंबाखूच्या पानांत बसविण्यांत आली. तेव्हां वाढ शेंकडा ४० च्या घरांत गेली. २०२२ सालीं सांडव्याचीच दुरुस्ती केलेल्या सोयाबीनचा अहवाल प्रसिद्ध झाला. २०२० च्या हंगामांत दाण्याचा उतारा सरासरीनें शेंकडा २४·५ नें व कांहीं वाणांत ३३ पर्यंत वाढला. दाण्यांतील तेल व प्रथिनें कमी झालीं नाहींत. २०२४ अखेर बटाट्यावरील प्रयोग प्रसिद्ध झाला. आडवाट बसविलेल्या बटाट्यानें उष्णतेच्या लाटेंतहि शेंकडा ३० अधिक वजनाचे कंद दिले.

हे आंकडे वाचून हुरळून जाण्यापूर्वीं त्यांच्या दुसऱ्या बाजूची रुजवात घ्यावयास पाहिजे. त्याच सोयाबीनच्या २०२१ च्या हंगामांत वादळानें पीक लवकर लोळलें, आणि उताऱ्यांत मोजण्याजोगी वाढ दिसली नाहीं. म्हणजे दोन हंगामांपैकीं एकाचाच दाखला अनुकूल. शिवाय हे सर्व वाफे लहान. २०२३ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत कांहीं वनस्पतिशास्त्रज्ञांनींच लिहिलें कीं, लहान वाफ्यांवरून उत्पन्नवाढीचे मोठाले दावे करणें योग्य नाहीं. अनेक ठिकाणीं, अनेक वर्षें व चालू उत्तम वाणांच्या बरोबरीनें पारख झाली पाहिजे. एका वाफ्यावरून सबंध गांवाची पैसेवारी लावतां येत नाहीं, हें आपणांस ठाऊकच आहे.

पुढील संकल्प

पुढील कामांत पहिला संकल्प, दोन्ही दुरुस्त्या एकाच झाडांत एकत्र करून पाहण्याचा. दुसरा, तंबाखूवरून सोयाबीन, चवळी, भात व कसावा या खाद्यपिकांकडे वळण्याचा. कसावा म्हणजे ज्यापासून साबुदाणा होतो तो कंद. आफ्रिकेंतील कोट्यवधि गरीब त्यावर जगतात. तिसरा, बाहेरचें जनुक न घालतां झाडाच्या मूळच्याच जनुकांत फेरफार करण्याचा. बर्कली येथील सहकाऱ्यांनीं भातावर केलेलें असें काम २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. चौथा, अनेक ठिकाणच्या चाचण्या व सरकारी परवानग्या यांचा. खाद्यपिकांत ही विद्या उतरून शेतकऱ्याच्या हातीं पडावयास एका दशकाहून अधिक काळ लागेल, असें संशोधकांनीं २०१९ सालींच सांगून ठेवलें आहे.

उसाच्या खातेदारांनीं आणखी एका कामाकडे लक्ष ठेवावें. याच विद्यापीठाच्या पुढाकारानें उसाच्या जातीच्या पिकांच्या कांड्यांत व पानांत तेल सांठविण्याचे प्रयत्न चालले आहेत. अमेरिकी सरकारच्या ऊर्जाखात्यानें २०१७ सालीं त्यासाठीं एक केंद्रच दिलें. गाळपानंतर साखरेबरोबर तेलहि निघूं लागल्यास कारखान्याचें व ऊंस पुरविणाऱ्याचें गणितच बदलेल. तूर्त तें प्रमाण अल्प आहे.

आपला या विद्यापीठाशीं संबंध

हा संबंध आपण समजतों त्याहून जुना आहे. १९६० सालीं पंतनगर येथें देशांतील पहिलें कृषि विद्यापीठ निघालें, तें इलिनॉयच्या साह्यानें. जबलपूरच्या कृषि विद्यापीठासहि त्यांचें साह्य मिळालें. पिवळें सोयाबीन आपल्या देशांत शेतावर आलें तें या दोन ठिकाणांहून, त्याच दशकांत. पुढें जबलपूरचाच ‘जेएस ३३५’ हा वाण १९९४ सालीं प्रसारित झाला, आणि त्यानें विदर्भ व मराठवाडा यांचें खरीप पालटून टाकलें. ज्या शेतांत मूग, उडीद व खरीप ज्वारी होती, तेथें आज सोयाबीन आहे. जनावरांचा कडबा मात्र गेला.

आतां प्रत्यक्ष हिशेब करूं. इलिनॉयमध्यें सोयाबीनचा उतारा एकरीं सुमारें १६ क्विंटल. आपल्या देशाचा सरासरीनें चार-साडेचार. शेंकडा २४ वाढ दोघांस सारखी मिळाली असें धरलें, तरी त्यास एकरीं जवळजवळ चार क्विंटल व आपणांस एक क्विंटल मिळेल. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. तो पदरांत पडला असें मानलें, तर एकरीं पांच हजारांची भर. न पडला तर त्याहून कमी. यांतून बियाण्याची जास्त किंमत वजा जावयाची आहे. एकरीं ३० किलो बीं लागत असतां किलोमागें पन्नास रुपये जरी चढले, तरी दीड हजार तेथेंच गेले.

त्याहून महत्त्वाची बाब पाण्याची. इलिनॉयची जमीन खोल व सुपीक, खालून निचऱ्याच्या नळ्या टाकलेल्या, आणि पाऊस उन्हाळाभर विखुरलेला. आपल्याकडे श्रावणांत पंधरा-वीस दिवस पावसानें ताण दिला कीं पान स्वतःच आपलीं छिद्रें मिटून घेतें. मग सांडवा दुरुस्त असला काय आणि नसला काय, आंत कर्बाम्लवायुच येत नाहीं. फुलोऱ्यांत ताण, शेंगा भरतांना खोडमाशी व पिवळा मोझॅक, आणि काढणीच्या वेळीं परतीचा पाऊस, या तीन तोट्यांवर पानाची दुरुस्ती हें औषध नव्हे. याच विद्यापीठाचा एक जुना प्रयोग येथें स्मरणीय आहे. उघड्या शेतांत नळ्यांचीं कडीं मांडून त्यांतून जादा कर्बाम्लवायु सोडीत सोयाबीन वाढविण्याचें काम तेथें २००१ सालीं सुरू झालें. हवेंतील हा वायु वाढल्यानें पीक वाढतें खरें, पण उघड्या शेतांत ती वाढ बंदिस्त जागेंतील प्रयोगांच्या मानानें जवळजवळ निम्मीच भरते, असा निष्कर्ष २००६ सालीं निघाला. बंदिस्त जागेंतून शेतांत येतांना आंकडा गळतो. इलिनॉयच्या शेतांतून आपल्या माळावर येतांना तो किती गळेल, हें मोजल्यावांचून कळणार नाहीं.

बियाण्याची मालकी

या संशोधनास मुख्य पैसा गेट्स यांच्या धर्मादाय निधीचा आहे. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका व आग्नेय आशिया यांतील लहान शेतकऱ्यांस ही विद्या स्वामित्वधन न आकारतां द्यावी, असें धोरण संस्थेनें जाहीर केलें आहे. धोरण स्तुत्य आहे. परंतु लातूर, वाशिम किंवा हिंगोलीचा पांच एकरांचा सोयाबीनवाला त्यांत कोठें बसतो, हें आजच विचारून ठेवावें. बीं बाजारांत आल्यावर विचारणें व्यर्थ.

आपल्या कायद्याची स्थितिहि माहीत असावी. जनुकांतरित पिकांपैकीं आपल्या देशांत शेतकऱ्यांच्या हातीं रीतसर आलेलें पीक कापूस हें एकच, तेंहि २००२ सालापासून. सोयाबीनच्या अशा वाणास लागवडीची परवानगी नाहीं. मात्र २०२१ सालीं अशाच सोयाबीनची १२ लाख टन पेंड परदेशांतून आणण्याची मुभा सरकारनें दिली होती. २०२२ सालीं, बाहेरचें जनुक न घालतां केलेल्या जनुक-संपादनास वेगळी व सोपी वाट ठरवून देण्यांत आली, व २०२५ च्या मे महिन्यांत ‘डीआरआर धान १००’ व ‘पूसा डीएसटी राइस १’ हे दोन भाताचे वाण त्या वाटेनें जाहीर झाले. इलिनॉयचा तिसरा संकल्प फळास आल्यास तो याच वाटेनें आपल्याकडे येण्याचा संभव आहे. तसेंच २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यानें शेतकऱ्यास आपल्या शेतांतील बीं राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा व छापील नांवाशिवाय विकण्याचा हक्क दिला आहे. सोयाबीनचें बीं घरीं राखतां येतें, हेंच या पिकाचें मोठें भांडवल. कोणतीहि नवी विद्या हा हक्क काढून घेऊन येत असेल, तर एकरीं एक क्विंटल हा सौदा महाग पडेल.

आपण काय मागावें

राहुरी, अकोला, दापोली व परभणी अशीं चार कृषि विद्यापीठें आपल्याकडे आहेत. पुण्याची आघारकर संस्था सोयाबीनवर काम करीत आली आहे. इंदूरची राष्ट्रीय सोयाबीन संस्था १९८७ पासून आहे. माणसें आहेत, जमीन आहे. या सर्वांनीं एक प्रश्न निवडावा. माझ्या मतें तो पावसाच्या खंडाचा असावा. त्यासाठीं मृदातज्ज्ञ, पीकपैदासकार, हवामानतज्ज्ञ, यंत्रज्ञ व बाजाराचा जाणकार यांनीं ठराविक मुदतीकरितां एकत्र बसावें. परदेशी वाणाची चांचणी होईल तेव्हां ती कोरडवाहू मध्यम व हलक्या जमिनींत, निदान तीन हंगाम, ‘फुले संगम’ व ‘एमएयूएस ७१’ यांसारख्या आपल्या वाणांशेजारीं व्हावी. आणि ज्या वर्षीं पीक फसलें त्या वर्षाचा आंकडाहि तितक्याच ठळकपणें छापला जावा.

दरम्यान आपल्या हातचीं कामें थांबविण्याचें कारण नाहीं. मॉरो यांच्या वाफ्यांनीं जें सिद्ध केलें त्यास परवानगी लागत नाहीं : सोयाबीनवर सोयाबीन घेणें सोडावें, तुरीचें आंतरपीक व ज्वारीची पाळी परत आणावी, शेणखत चुकवूं नये. पेरणीपूर्वीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत ठेवून उगवण पाहावी; सत्तराहून कमी उगवल्यास तें बीं पेरूं नये. आणि प्रत्येक गटांत निदान एका खातेदारानें रोजचा पाऊस, पेरणीची तारीख, वाण, व काट्यावर केलेलें वजन अशी वही ठेवावी. अंदाजानें लिहिलेल्या पीकपाहणीचे आंकडे कसे बनतात, हें मीं पुष्कळ पाहिलें आहे. उद्यां कोणी शेंकडा २४ वाढीचें बीं घेऊन दाराशीं आला, तर ‘कशाच्या शेंकडा २४’ हा प्रश्न विचारण्यास आपल्याजवळ आपला स्वतःचा आंकडा असावा. अशा वह्या ज्या सभासदांजवळ आहेत, त्यांनीं दिवाळीनंतर त्यांची नक्कल आपल्या संघाकडे पाठवावी; तीन वर्षांच्या नोंदी जमल्यास कोणत्याहि विद्यापीठाशीं बोलणें सुरू करण्यास तेवढें दप्तर पुरेसें होईल.